चार भुजांचा तारामासा

बॅचला वाटलेल्या तारामाशांपैकी एकाला चारच भुजा होत्या, आणि तो ज्याच्या ट्रेमध्ये आला त्या मुलाने जर्नलात बिनदिक्कत पाच काढल्या होत्या. रेषा सुबक, नावं अचूक. आकृती आधी, ट्रे नंतर ही आमच्याकडची रीतच, त्याला एकट्याला काय बोलणार? परत काढायला लावली, तर म्हणाला, "मॅडम, परीक्षेत किती काढायच्या?" वरिष्ठांनी "खराब स्पेसिमेन आहे, बदलून द्या" म्हणून विषय मिटवला. मी ट्रे बाजूला ठेवला.

तुटलेली भुजा सहसा लपत नाही. एक तर जागेवर नवं आखूड बोंड दिसतं, नाहीतर दोन भुजांमधली फट रुंद राहते. इथे चारही जवळपास काटकोनात, लांबीला सारख्या. वरच्या अंगाला मॅड्रेपोराइट, म्हणजे शरीरातल्या पाण्याच्या नळ्यांच्या तोंडावरची चाळणी, एकच, नेहमीसारखी मध्यापासून सरकलेली, दोन भुजांच्या बेचक्यात. एरवी या चाळणीतून निघालेली मधली रेषा समोरच्या भुजेत शिरते. इथे ती समोरच्या बेचक्यात गेली. हे बघूनच माझी त्या दिवसाची बाकी कामं बोंबलली.

उघडताना मी कात्री भुजांच्या कडेने चालवते आणि मधली चकती शेवटी घेते. मॅड्रेपोराइटभोवती गोल कापून ती जागेवरच ठेवायची, नाहीतर तिच्याखालून उतरणारी नळी, स्टोन कॅनॉल, तुटून येते. निम्मी बॅच नेमकी तीच तोडते. पायलोरिक सीकाच्या, म्हणजे दर भुजेत जोडीने असणाऱ्या पाचक ग्रंथींच्या, चार जोड्या निघाल्या. जठर बाजूला केलं, तर तोंडाभोवतीच्या रिंग कॅनॉल या गोल नळीतून भुजांत जाणारे रेडियल कॅनॉलही चारच फुटलेले. पाचव्याचं बूडसुद्धा नाही.

राहिल्या टिडेमान बॉडीज, रिंग कॅनॉलला चिकटलेल्या छोट्या गाठी. अ‍ॅस्टेरियसमध्ये (नेहमीच्या पाच भुजांच्या तारामाशात) त्या नऊ: दर बेचक्यात दोन, फक्त एका ठिकाणी दुसरीच्या जागी स्टोन कॅनॉल येऊन मिळतो. त्या हिशोबाने इथे सात हव्यात. सहा स्वच्छ दिसल्या. सातवीच्या जागी फॉर्मलिनने कडक झालेला एक गोळा, त्याचं काही सांगता येईना. स्पेसिमेन बरणीत कोंबून पाठवणाऱ्यांना कधीतरी ते भिंगाखाली बघायला बसवलं पाहिजे.

अळी असताना या प्राण्याला सरळ डावी-उजवी बाजू असते. पुढे डावीकडच्या हायड्रोसीलला, म्हणजे ज्यातून या पाण्याच्या नळ्या घडतात त्या पिशवीला, पाच फुगवटे येतात, आणि पाचाचा आकडा तिथे ठरतो. याला मुळात चारच आले, की अगदी लहानपणी चकतीसकट एक तुकडा गेला आणि वाढता वाढता उरलेल्या चौघांनी जागा वाटून घेतली? मला पहिलं पटतं. पण इतक्या कोवळ्या वयातली जखम बुजून गेली असेल, तर मऊ भागांवरून दुसरं खोडता येणार नाही.

तोंडाभोवतीचा सांगाडा अजून बघायचा आहे. दर बेचक्यात तिथे चुनखडी पट्ट्यांची जोडी असते आणि फॉर्मलिनमधली ओढाताण त्या बऱ्यापैकी सोसतात. एखादी जोडी अर्धवट किंवा चिकटलेली निघाली, तर ती जुन्या जखमेची खूण, आणि माझा अंदाज गेला.