‘मार पुढं’ म्हणण्याआधी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माजी विद्यार्थ्यांकडून मनोगत मागवले आहे. आठवणी लिहिणारे आमच्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा बरे लिहितील. शाळेच्या संघातून खेळून पुढे मुलांना फुटबॉल शिकवण्याच्या कामात पडलेला माणूस म्हणून मी क्रीडा विभागाला थेट वापरता येईल असे काही लिहितो. १३-१४ वर्षांच्या मुलांना घाई न करता चढाई रचायला कसे शिकवायचे, एवढाच विषय.

कोल्हापुरात हे शिकवणे जरा अवघड जाते. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे इथले तालीम संघ भिडले की गॅलरीतून सर्वांत मोठी आरोळी उठते ती लांब किकला. शाळेच्या सामन्यातही कडेला उभे असलेले काका, मामा, थोरले भाऊ तेच ओरडतात : “मार की पुढं!” पोरगं मान वर न करता मारतं, चेंडू समोरच्या स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, डोक्यावर जातो आणि तितक्याच जोरात परत येतो. गुणांची इथे वाण नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. वाण आहे ती सरावात रोज तेच तेच नीट करून घेण्याची.

संयमी खेळ म्हणजे संथ खेळ, असा समज आधी काढून टाकावा. मागच्या मागे चार पास दिले आणि समोरचा संघ जागचा हललाच नाही, तर ते चार पास फुकट गेले. कुस्तीत समोरच्याचा तोल हलवल्याशिवाय डाव लागत नाही, तसे हे आहे : पास द्यायचा तो समोरच्याला जागेवरून उठवायला. तो उठला की त्याने सोडलेल्या जागेत चेंडू घालायचा, आणि हे दुसरे काम झपाट्याने करायचे.

सुरुवात चेंडूपासूनच करू, कारण निम्म्या शाळा इथेच चुकतात. १२ वर्षांपर्यंत ४ नंबरचा चेंडू, पुढे ५ नंबरचा. नियमात हवेचा दाब साधारण साडेआठ ते साडेपंधरा पौंड चालतो. आपल्या मुरमाड मैदानावर तो साडेआठ-नऊच्या पुढे नेऊ नये. अंगठ्याने दाबून ‘टाईट झाला’ म्हणेपर्यंत हवा भरली की चेंडू पहिल्याच टप्प्याला गुडघ्यापर्यंत उसळतो, मग पोरगं चेंडू थांबवण्यातच गुंतून जातं आणि मान वर करायची राहूनच जाते. प्रेशर गेज असलेला पंप फार महाग नसतो. सरावाआधी मैदानावर पाणी मारून रोलर फिरवला तर पाससाठी वेगळे मैदान लागत नाही. सुब्रतो मुखर्जी चषकाच्या शालेय फेऱ्या बहुधा भर पावसात येतात. चिखलात जमिनीलगतचा पास मधेच अडतो, त्यामुळे त्या दिवसांत पासचे अंतर १२ मीटरवरून ८ वर आणावे.

आता रोंडो. मधल्याला पळवायचा हा खेळ सगळे करून घेतात, पण बहुतेक ठिकाणी तो सराव सुरू होण्याआधीचा टाइमपास असतो. नवख्या मुलांसाठी ८ बाय ८ मीटरचा चौकोन, बाहेर चौघे, आत एक. महिनाभराने १० बाय १० मध्ये चौघांविरुद्ध दोघे. ९० सेकंद खेळ, ४५ सेकंद विश्रांती, अशा सहा फेऱ्या पुरे. बाहेरच्याने चौकोनाच्या कोपऱ्यावर उभे राहायचे नाही, बाजूच्या मध्यावर राहून दोन्हीकडे दोन-दोन मीटर सरकत राहायचे. कोपऱ्यात उभ्या मुलाला फक्त दोन बाजू दिसतात आणि आतला गडी एका पावलात त्याच्या दोन्ही वाटा बंद करतो. आत कोणी जायचे हे घड्याळावर ठरवा. ‘ज्याची चूक तो आत’ हा आपला जुना नियम पोरांना भित्रं करतो. शिक्षा नको म्हणून मुलगा शेजारच्याला सोपा पास देत राहतो, आणि दोघांच्या मधून जाणारा, खरा कामाचा पास कुणी देतच नाही.

रोंडोतच पाय शिकवायचा. चेंडू ज्या बाजूने येतो त्याच्या लांबच्या पायावर तो घ्यायचा, म्हणजे कंबर आपोआप उघडते आणि पुढचे अर्धे मैदान दिसते. जवळच्या पायावर घेतला की पाठ मैदानाकडे होते आणि आल्या वाटेने परत देण्याशिवाय पर्याय उरत नाही. मुलांना हे सांगून पटत नाही. त्यांना दोन्ही प्रकारे घ्यायला लावा आणि मागे उभे राहून बोटे दाखवा : किती? सांगता आले तर नजर फिरली. नुसते ‘मागं बघ’ म्हटले की पोरं मान झटकतात, बघत काहीच नाहीत. बघायची वेळही ठरलेली असते. चेंडू सोबत्याकडे जात असताना बघायचे. आपल्याकडे यायला निघाल्यावर मान फिरवली तर फार उशीर होतो.

पुढची पायरी तिसऱ्या गड्याची. माझ्या मते सगळ्या संयमी खेळाचे मर्म इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्टॉपरकडे चेंडू आहे. समोर आपला हाफ, म्हणजे मधल्या फळीतला गडी, मोकळा दिसतो, पण त्याच्याकडे जाणारी वाट बंद आहे. अशा वेळी फॉरवर्ड पाठीवर गडी घेऊन खाली येतो, स्टॉपर त्याला पास देतो, तो एका स्पर्शात चेंडू हाफच्या पुढ्यात सोडतो. हाफ आता गोलकडे तोंड करून धावत आलेला असतो आणि वाट अडवणारी समोरच्यांची ओळ मागे पडलेली असते. यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक म्हणजे पासचा जोर. पहिला पास कडक हवा आणि दुसरा मऊ, मुलं नेमके उलटे करतात. पहिला मऊ गेला की मागचा गडी पुढे येऊन चेंडू उचलतो. दुसरा कडक गेला की हाफच्या नडगीला लागून उडतो. दुसरी म्हणजे वेळ. हाफने निघायचे ते पहिला पास स्टॉपरच्या पायातून सुटताच. तो दुसरा पास पाहून निघतो आणि दीड-दोन पावले कमी पडतो. आधी विरोधकाशिवाय, मार्कर लावून, १५-१५ मीटरवर तिघे-तिघे उभे करून हे १० मिनिटे करून घ्यावे. मग लगेच २४ बाय १६ मीटरमध्ये चौघांविरुद्ध चौघे आणि तीन तटस्थ, म्हणजे चेंडू ज्यांच्याकडे त्यांच्या बाजूने खेळणारे : दोन टोकांना, एक मध्ये. एका टोकाच्या तटस्थाकडून दुसऱ्या टोकाला चेंडू पोचला की एक गुण. मधल्या तटस्थामार्गे पोचला तर दोन. तिसरा गडी कसा मिळवायचा हे मग मुलं आपणच शोधतात, शिट्टी वाजवून सारखे थांबवायची गरज राहत नाही.

आपले शाळेचे मैदान साधारण ७० बाय ४५ मीटर धरू. त्यावर फक्कीने उभे पाच पट्टे मारा : कडेचे दोन ८-८ मीटरचे, त्यांच्या आतले दोन ८-८ चे, मधला १३ चा. नियम एकच सांगायचा, एका उभ्या पट्ट्यात आपले दोनपेक्षा जास्त नकोत आणि एका आडव्या रेषेत तीनपेक्षा जास्त नकोत. चेंडूमागे सगळा घोळका धावण्याची सवय या रेघांनी पंधरवड्यात बरीच सुटते. रेघा कायम ठेवू नयेत. महिन्याभराने पुसायच्या, नाहीतर पोरं मैदान सोडून फक्कीकडे बघत खेळतात.

गोलकिकपासून, म्हणजे समोरच्यांकडून चेंडू आपल्या गोलरेषेबाहेर गेल्यावर मिळणाऱ्या किकपासून, सुरुवात करणे २०१९ च्या नियमबदलाने सोपे झाले. चेंडू हलला की खेळ सुरू, तो पेनल्टी बॉक्सबाहेर जायची वाट बघावी लागत नाही. आपले गडी बॉक्सच्या आत उभे राहू शकतात, विरोधकांना मात्र चेंडू हलेपर्यंत बाहेरच थांबावे लागते. बॉक्स साडेसोळा मीटर खोल असतो, म्हणजे चेंडूवर झेप घेणाऱ्या विरोधकाला बाहेरून बरेच अंतर कापायचे असते. अजूनही कित्येक शाळा कीपरला अर्ध्या मैदानापर्यंत किक मारायला लावतात आणि ही फुकटची सवलत घालवतात.

अर्ध्या मैदानावर सात विरुद्ध पाच लावा. कीपर, चार बॅक, दोन हाफ एका बाजूला. मध्यरेषेवर चार-चार मीटरची तीन दारं. कडेच्या दारातून पास गेला तर एक गुण, मधल्यातून दोन. विरोधकांनी चेंडू हिसकावला तर त्यांना आठ सेकंदांत मोठ्या गोलवर मारायचे. इथे सर्वांत जास्त चेंडू गमावले जातात ते साईड बॅककडून, म्हणजे कडेच्या बचावपटूकडून. तो टाचा रेषेवर टेकवून, तोंड स्वतःच्या गोलकडे करून उभा असतो. तिथे पास गेला की रेषाच त्याची दुसरी विरोधक होते. त्याला रेषेच्या दोन मीटर आत आणि अंग मैदानाकडे उघडे करून उभे करा. दुसरा बिघाड स्टॉपरचा. समोर १० मीटर मोकळे असूनही तो जागेवरूनच पास देतो. त्याने चेंडू पायात घेऊन पुढे चालत यायचे, कुणीतरी अंगावर येईपर्यंत. जो अंगावर आला त्याने ज्याला धरले होते तो आपला गडी मोकळा झाला, पास त्याला. कोणी येतच नसेल तर चालत राहायचे. ही गोष्ट मुलांना पटायला फार वेळ लागतो, कारण स्टॉपरने चेंडू घेऊन पुढे येणे म्हणजे अतिशहाणपणा, असे त्यांच्या मनावर लहानपणापासून बिंबलेले असते.

समोरचा संघ एका गोलने पुढे असला की आठ-नऊ जण बॉक्सपुढे उभे करतो. मग आपली मुलं मधूनच घुसत राहतात. अशा वेळी एका बाजूला चार-पाच पास, सगळा कळप तिकडे ओढायचा, आणि मागच्या हाफमार्गे दोन-तीन पासांत दुसरी बाजू. इथे पासचा वेग मोजावा. १० मीटरचा पास साधारण एका सेकंदात पोचला पाहिजे. दोन सेकंद लागले तर समोरची भिंत तुमच्याबरोबर सरकते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. लांबच्या कडेचा विंगर एकटा पडलेला असतो, चेंडू मिळत नाही म्हणून कंटाळून आत सरकतो. त्याला मुद्दाम बजावा, रिकामं उभं राहणं हेच तुझं काम. चेंडू गोलरेषेपर्यंत पोचला की कडेवरून गोलपुढे उंच सेंटर नको, या वयात हेडरचे गोल क्वचित होतात. जमिनीलगत मागे, पेनल्टी स्पॉटच्या आसपास द्यायचा. एकाने जवळच्या खांबाकडे धावायचे, एकाने स्पॉटवर थांबायचे, एकाने बॉक्सच्या कडेवर. तिघेही खांबाकडेच धावले तर मागे दिलेला पास समोरच्याला आयता मिळतो. चढाई चालू असताना मागे दोन बॅक आणि एक हाफ ठेवायचेच. चेंडू गेला तर जवळच्या तिघांनी पाच सेकंद तुटून पडायचे, नाही मिळाला तर परत मागे.

सरावात काही नियम उलटे फिरतात. ‘दहा पास झाल्याशिवाय गोल नाही’ म्हटले की मुलं नऊ पास मागे देतात आणि दहाव्याला वाटेल तिथून मारतात. त्याऐवजी मधल्या पट्ट्यातून पुढे जाऊन झालेल्या गोलला दोन गुण ठेवा. ‘सगळ्यांना दोनच टच’ हा नियमही जपून वापरावा. ज्याच्या पायात ड्रिबल, म्हणजे गड्यांना चकवत चेंडू नेण्याची कला, आहे त्याची ती तो मारून टाकतो. तटस्थांना तो लावला तर पुरे.

निवडीबद्दल एकच. चौदा वर्षांखालच्या संघात आधी उंची वाढलेला, लांब मारणारा मुलगा सामना जिंकून देतो, आणि बारीक चणीचा, मान वर ठेवून खेळणारा बाकावर बसतो. सतराव्या वर्षापर्यंत उंची बरीचशी सारखी होते, पण बाकावर गेलेली वर्षे त्याला कोणी परत देत नाही. दोघांनाही खेळवा, निदान गटसाखळीत तरी.

सामन्याच्या दिवशी मागून खेळताना कधीतरी चेंडू जाणार आणि गोल बसणार. कडेने “मार की पुढं” सुरू होणार. तेव्हा सरांनी पुढची गोलकिक कशी घ्यायची हे कीपरवर सोपवावे आणि त्याला मोजायला शिकवावे. बॉक्सजवळ समोरचे दोन किंवा तीन असतील तर आपले कीपर धरून पाच आहेत, पुन्हा जवळच द्यायचा, आणि शक्यतो ज्याच्याकडून चेंडू गेला त्याच स्टॉपरला. समोरचे पाच-सहा वर आले असतील तर त्यांच्या मागे मैदान रिकामे आहे. मग लांब किक हाच बरोबर पास, फक्त फॉरवर्डने डोक्यावरच्या चेंडूची वाट न बघता मागच्या जागेत आधीच निघायला हवे. आणि दोन्ही हाफनी किक बसायच्या आधी १०-१५ मीटर वर सरकायला हवे, कारण लांब किकवरच्या झटापटीतून उडालेला चेंडू बहुतेक वेळा तिथेच पडतो.