तुम्ही विचारलंत म्हणून: बुद्धी खरंच मोजता येते का?

मागच्या शनिवारी एक आईबाबा मुलाचा रिपोर्ट न्यायला आले होते. मी पाकीट उघडतच होते तर आई म्हणाली, बाकीचं घरी वाचतो मॅडम, आधी आकडा सांगा ना किती आलाय. बाबा सगळा वेळ गप्प होते, पण उठता उठता त्यांनीच विचारलं, काय हो, बुद्धी अशी खरंच मोजता येते का? हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, एसटीत, अगदी डेंटिस्टच्या खुर्चीतसुद्धा विचारलेला आहे. १७ वर्षं मी मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेते, त्यामुळे लोक विचारणारच. तेव्हा एकदा नीट लिहून काढते.

काहीतरी मोजलं जातं, हे खरंय. त्या दिवशी, त्या खोलीत, त्या भाषेत, माझ्यासारख्या अनोळखी बाईसमोर बसून मुलाने मी विचारलेल्या प्रश्नांना कशी उत्तरं दिली, तेवढं मोजलं जातं. ते निरुपयोगी नाहीये, मी स्वतः त्यावर विश्वास ठेवून काम करते. पण ते म्हणजे मूल नव्हे.

आपल्याकडे यावर फार कष्टाने काम झालंय हे लोकांना माहीतच नसतं. डॉ. कामतांनी धारवाडला बसून १९३० च्या दशकात बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची बुद्धिमत्ता चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतून घेतली, ती बिने-कामत म्हणून आजही वापरात आहे. आणि मालिन यांनी नागपूरला वेक्सलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची चाचणी भारतीय मुलांसाठी तयार केली. परक्या मुलांसाठी केलेले प्रश्न आपल्या मुलांना जसेच्या तसे विचारणं चूक आहे, हे या लोकांना तेव्हाच कळलं होतं.

पण "आपली मुलं" म्हणजे तरी कोण? मला एक मुलगा आठवतो. नऊ वर्षांचा, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आईवडील आलेले, कारखान्याच्या बाजूला कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी करून राहायचे. शाळेतून चिठ्ठी होती की याला काहीच येत नाही, मतिमंद आहे का ते बघा. दोन गोष्टींतलं साम्य सांग अशा प्रकारचे प्रश्न असतात (खरे प्रश्न सांगता येत नाहीत, म्हणून माझ्या मनाने देतेय), समजा बैल आणि शेळी. शाळेत रुळलेलं मूल म्हणतं, दोन्ही प्राणी आहेत. गुण मिळाले. हा म्हणाला, सारखं कसं असंल, बैल गाडीला लागतो, शेळी काय वढती व्हय. मी परत विचारलं, तर माझ्याकडे असं बघितलं की या बाईंना एवढं साधं कळत नाही. शून्य गुण. मॅन्युअलप्रमाणे शून्यच द्यावा लागतो आणि मी दिला. नंतर चाचणी बाजूला ठेवून गप्पा मारल्या, तर एका बैलाला वाढं (उसाचे हिरवे शेंडे, गुरांचा चारा) किती लागतं, त्यातलं विकलं तर संध्याकाळी किती पैसे येतात, मोळी कशी बांधली की गाडीत कलंडत नाही, सगळं त्याला माहीत होतं, तोंडी हिशोब तर माझ्या आधी करून मोकळा झाला.

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना असंच विचारत फिरला होता. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका, यात वेगळं कोण? आपल्याला वाटतं ओंडका, कारण बाकीची अवजारं. शेतकरी म्हणाले की सगळी एकत्रच हवीत, ओंडका काढला तर करवत चालवायची कशावर? लुरियाच्या लक्षात आलं की वस्तूंचे गट पाडून बोलायची ही सवय शाळेतून येते. म्हणजे मी त्या मुलाची बुद्धी तपासत होते की तो वर्षातले सहा महिने शाळेत नव्हता हे? ते तर मला टेबलावर ठोकळे मांडायच्या आधीच माहीत होतं.

आता बिनेबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण या माणसावर फार अन्याय झालाय असं मला वाटतं. आल्फ्रेड बिने आधी मुलांची डोकी मोजायचा, खरोखर मोजपट्टी घेऊन. हुशार मुलांची डोकी मोठी असतात का ते बघायला. फरक निघाला तो इतका किरकोळ, आणि वर त्याला स्वतःचीच शंका आली की आपल्याला जे हवंय तसंच आपण मोजतोय का, म्हणून त्याने तो नाद सोडून दिला. असं कबूल करणं सोपं नसतं. मग १९०४ मध्ये फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी एक समिती नेमली, शाळेत मागे पडणारी, वेगळ्या मदतीची गरज असलेली मुलं ओळखायची कशी हे ठरवायला. १९०५ मध्ये बिने आणि त्याचा सहकारी सिमॉन यांनी छोट्या छोट्या ३० कामांची चाचणी दिली. प्रश्न एवढाच होता की कुठल्या मुलाला मदत लागेल. कोण मोठा आणि कोण छोटा हे तिथे कोणी विचारलंच नव्हतं. बुद्धी ही जन्मभर ठरलेली असते म्हणणाऱ्यांवर तर तो चिडायचा. अशा मुलांसाठी त्याने व्यायाम सांगितले होते आणि त्यातला एक म्हणजे चक्क स्टॅच्यू! आपली पोरं अंगणात खेळतात तोच, लक्ष एका जागी धरून ठेवायला. तो १९११ मध्ये गेला. मानसिक वयाला, म्हणजे मूल किती वर्षांच्या मुलासारखी उत्तरं देतं त्याला, खऱ्या वयाने भागून बुद्ध्यांक काढायची कल्पना त्यानंतर, १९१२ मध्ये, विल्यम स्टर्न या जर्मन माणसाने मांडली.

आणि ती चाचणी अमेरिकेत गेल्यावर काय झालं ते वाचून मी एकदा रात्रभर जागी होते. व्हर्जिनियातली कॅरी बक, गरीब घरातली मुलगी, १७ व्या वर्षी बलात्कारातून दिवस गेले आणि तिलाच मंदबुद्धीच्या लोकांच्या संस्थेत टाकलं. चाचणीवरून तिचं मानसिक वय ९ ठरवलं. आई आधीच तिथे होती. आणि कॅरीची सात महिन्यांची मुलगी बघून एका समाजसेविकेने सांगितलं की हीसुद्धा नॉर्मल दिसत नाही. सात महिन्यांचं बाळ! १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मताने निकाल दिला की कॅरीची सक्तीने नसबंदी करायला हरकत नाही, आणि ती झाली. ते बाळ, व्हिव्हियन, पुढे शाळेत गेलं, एकदा गुणवंत मुलांच्या यादीत आलं, आणि आठव्या वर्षी आजाराने वारलं. कॅरी १९८३ पर्यंत जगली, म्हातारपणी रोज पेपर वाचायची आणि शब्दकोडी सोडवायची.

म्हणून कोणी "आकडा सांगा" म्हटलं की माझा हात थबकतो.

पण चाचण्या फेकून द्या असं मी कधीच म्हणणार नाही. एक सातवीतली मुलगी आली होती, घरी दारी सगळे आळशी म्हणायचे, वाचायला सांगितलं की पोटात दुखायचं. तोंडी भागात तिने इतकी सुंदर उत्तरं दिली, गुण सरासरीच्या बरेच वर. अडचण वाचनात होती, डिस्लेक्सिया. तो कागद नसता तर तिने आयुष्यभर मार आणि बोलणी खाल्ली असती. तिची आई माझ्यासमोर रडली होती, मी उगाच मारलं हो तिला असं म्हणत.

दुसरीकडे बुद्ध्यांक ७० ची रेषा आहे. ६८ आला तर बौद्धिक दिव्यांगतेच्या प्रमाणपत्राचा रस्ता उघडतो, ७२ आला तर मूल "बॉर्डरलाइन", ना इकडचं ना तिकडचं. आणि चाचणीतच चार-पाच गुण इकडेतिकडे होऊ शकतात हे आमच्या पुस्तकात पहिल्या वर्षाला शिकवतात. त्या दिवशी मूल उपाशी आलं असेल, ताप असेल, माझीच घाई असेल. रोजचे व्यवहार कसे जमतात तेही तपासायचं असतं, चांगले लोक ते मन लावून तपासतात, पण रांगेत चाळीस जण असले की कागदावर आकडाच उरतो. स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता चाचणीचं तर तुम्हाला माहीतच आहे, वर्षभर आकृत्या सोडवून घेतल्या की मार्क वाढतात, तीच पुस्तकं ज्याला परवडली नाहीत त्याचे वाढत नाहीत, आणि यादी लागली की अमका हुशार, तमका नाही.

त्या ऊसतोडीच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये मी आकडा लिहिला नाही. लिहिलं की हा निकाल ग्राह्य धरू नये, मुलाला मतिमंद म्हणू नये, पहिलीच्या वाचनापासून सुरुवात करावी, हिशोबात तो पुढे आहे. शाळेतल्या बाईंनी मनापासून सुरुवात केलीही. मग हंगाम संपला, टोळी गावाकडे गेली, आणि तो पुढच्या शाळेत बसला की कोयत्यावर गेला हे मला आजही माहीत नाही.

शनिवारच्या त्या आईला मी आधी दुसरं पान वाचायला लावलं. ऐकलेलं त्याच्या लक्षात राहत नाही, बघितलेलं छान राहतं, असं तिथे लिहिलंय. त्या दोघांनी ते दोनदा वाचलं. मग ती म्हणाली, म्हणजे पाढे म्हणून घेण्यापेक्षा लिहून भिंतीला लावू का? मी म्हटलं लावा, आणि त्यालाच रंगवू द्या. पाकीट पर्समध्ये ठेवून ती उठली, आणि तेव्हाच बाबांनी तो प्रश्न विचारला. आकडा शेवटच्या पानावर होता.