मठातली एकादशी

"दोन दिवस मठात राहायला जातोय," असं आईला फोनवर सांगितलं आणि ती इतकी खूश झाली, की पुढचं वाक्य मी गिळून टाकलं. तिच्या डोळ्यांपुढे गोंदवलं उभं राहिलं असणार. पहाटेची काकडआरती, पंगत, पानात पडणारा वाफाळता भात. मी निघालो होतो बव्हेरियातल्या वेल्टेनबुर्गला. तिथल्या मठात १०५० सालापासून बीअर बनते.

म्युनिकहून रेगेन्सबुर्ग दीड तास, मग गाडी बदलून साल नावाचं चिमुकलं स्टेशन. २०२३ मध्ये ४९ युरोंचा महिन्याचा पास निघाला (किंमत पुढे वाढली, वाढणारच) आणि जर्मनीभरच्या पॅसेंजर गाड्या आम्हाला मोकळ्या झाल्या. शिवाय बीअरसाठीच जायचं, तर स्टिअरिंग आपल्या हातात नसलेलंच बरं. सालला उतरलो तर केलहाइम गावाकडे जाणारी बस निघालेली. तिचे मागचे लाल दिवे तेवढे दिसले. मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या आणि बाकावर बसून डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या संपवल्या.

केलहाइमहून पुढे बोट. डॅन्यूबच्या प्रवाहाविरुद्ध चाळीस मिनिटं, परतताना मात्र वीसच. दोन्ही बाजूंना चुनखडीचे पांढुरके कडे आणि त्यांत रोवलेल्या लोखंडी कड्या. इंजिनं नव्हती तेव्हा नावाडी त्या कड्यांना धरून नाव वर ओढायचे. आज त्याच वाटेने लोक आइस्क्रीम खात जातात. मग नदी वळते आणि वळणावर एकदम मठ दिसतो, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा.

अंगणात चेस्टनटची झाडं आणि त्यांच्याखाली लाकडी बाकं. काळपट तांबूस बीअर आली. नाकाला आधी पावाच्या करपट कडेचा वास, मग जिभेवर काकवीसारखं काहीतरी, आणि शेवटी किंचित कडवटपणा. जड बीअर हवी असेल तर त्यांची 'आसाम बॉक' आहे, जवळपास सात टक्क्यांची. आपल्या आसामचा काही संबंध नाही. मठाचं चर्च उभारणारे आणि सजवणारे ते आसाम बंधू.

आसाम बॉकसारख्या या जड बीअरला डॉपेलबॉक म्हणतात. तिची चाल म्युनिकच्या पाउलानर पंथाच्या साधूंनी पाडली. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात अन्नावर बंधन, पण पेयाने उपास मोडत नाही. मग पेयच पोटभरीचं करायचं! डॉपेल म्हणजे दुप्पट. एकादशी आणि दुप्पट खाशी! आपण साबुदाण्याच्या खिचडीवर थांबलो; यांनी 'दुप्पट' हा शब्द बिनदिक्कत नावातच घालून टाकला.

पण मुक्कामाचं खरं सुख शेवटची बोट गेल्यावर. दिवसभराची जत्रा पांगते, बाकं पुसली जातात, आणि नदीचा आवाज ऐकू यायला लागतो. खोलीत पलंग, टेबल, भिंतीवर क्रूस. सायंप्रार्थनेला गेलो. साधू थोडेच, सूर मात्र एका घशातून आल्यासारखा. शब्द कळत नव्हते. लहानपणी अथर्वशीर्षाचे तरी कुठे कळायचे? वेदीवर घोड्यावरचा संत जॉर्ज, आणि त्याच्या मागून येणारा उजेड अशा बेताने सोडलेला, की तो त्या उजेडातूनच दौडत आलाय असं वाटावं.

हे साधू संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीने चालतात. पाहुण्याला ख्रिस्त समजून घरात घ्या, असं तिच्या त्रेपन्नाव्या प्रकरणात आहे. चाळिसाव्यात पिण्याचं माप आहे, वाइनचं. आणि वाइन मिळतच नसेल तिथे देवाचे आभार माना, कुरकुर करू नका, असंही. सालच्या बाकावरचा मी आठवलो.

रात्री आईचा फोन आलाच.

"प्रसाद मिळाला का रे?"

"मिळाला."

"आणि तीर्थ?"

"तेही. दुसऱ्यांदा मागितलं तरी देतात."

"मागितलंस? अरे, तीर्थ असं मागून घेऊ नये."