हौद्यातल्या सहा गोल खुणा

माझ्या जुन्या पिकअपच्या केबिनच्या पाठीला लागून हौद्याच्या लाकडात सहा गोल खुणा आहेत, तीन-तीनच्या दोन ओळींत. दुधाच्या कॅनच्या आहेत त्या. दहा गॅलनचा कॅन, म्हणजे ३८ लिटर. भरला की लोखंडासकट पन्नास किलोच्या घरात जातो. असे कॅन रोज पहाटे एकाच जागी टेकवले गेले आणि त्यांच्या बुडांची कडी लाकडात उतरली. बोट फिरवलं तर कळतं, डोळ्यांना मात्र तिरप्या उजेडातच दिसतं.

ज्या आजोबांकडून मी हा पिकअप घेतला त्यांचं शेत आमच्या घरापासून चार मैलांवर. विस्कॉन्सिनमधल्या कितीतरी शेतांसारखं तेही दुभत्या गाईंचं. गाडी वीस वर्षं गोठ्याशेजारच्या छपरात उभी होती, त्या छपराचा एक पत्रा उडालेला. त्यांनी एकच विचारलं, की तू हौदा घासून चकचकीत करणार का? मी नाही म्हटलं. ते काही बोलले नाहीत, पण किल्लीबरोबर फाळक्याच्या दोन्ही साखळ्याही आतून शोधून आणून दिल्या.

गाडी शेवरोले ३१००, साल १९५१. कागद जुने आणि पुसट आहेत, पण दरवाजेच साल सांगतात. काचेच्या पुढची छोटी त्रिकोणी खिडकी १९५१ मध्ये आली आणि दाबायच्या बटणाचं हँडल १९५२ मध्ये. माझ्या गाडीला खिडकी आहे, बटण नाही. हौदा ७८ इंच लांब, ५० इंच रुंद. तळाला पाइनच्या लांब फळ्या आणि दोन फळ्यांच्या सांध्यावर लोखंडी पट्टी. फळ्यांच्या कडांना खाच असते, दोन खाचा मिळून पट्टीला बसायला जागा होते. ओझं या पट्ट्यांवरून सरकतं, लाकूड पट्ट्यांच्या मधे वाचतं. आणि एखादी फळी मोडलीच तर तेवढीच बदलता येते. सबंध पत्र्याच्या तळाला हे जमत नाही.

गाडी घरी आली त्या दिवशी मुलगा हौद्यात उभा राहून म्हणाला, "आई, हे सगळं काढून टाक. ओकच्या फळ्यांचा तयार संच मिळतो. वार्निश मारलं की आरशासारखा दिसेल."

"आरसा घरात आहे," मी म्हटलं. "खाली उतर आधी, उजवीकडची फळी मऊ आहे."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. प्रदर्शनात दिसणारे बहुतेक जुने पिकअप तसेच असतात, मधासारखा रंग, वर काचेसारखा थर. ते सुंदरही दिसतात. पण त्या लाकडावर कधी कॅन टेकलेला नसतो, वासरू उभं राहिलेलं नसतं. माझ्या फळ्यांवर ते सगळं आहे, आणि मला तेच राखायचं होतं. करडा रंग, वर आलेल्या रेषा, सहा कडी. सड थांबवायची आणि बाकी कशाला हात लावायचा नाही.

माझे वडील सुतार होते. लाकूड हातात घेतलं की आधी ते उलटं करून बघायचे. मीही आधी गाडीखाली गेले.

वरून जे भयानक दिसतं ते बऱ्याचदा निरुपद्रवी असतं, आणि खरा रोग खालून असतो. लाकूड करडं होतं ते उन्हामुळे. लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे फिकट सेल्युलोजचे तंतू उरतात. त्यावर बारीक काळी बुरशी बसते आणि रुपेरी करडा रंग येतो. ही बुरशी लाकूड खात नाही. करडा थर मिलिमीटरच्या अंशाएवढाच असतो. मॅडिसनला अमेरिकी सरकारची फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी १९१० पासून आहे. तिच्या मोजमापाप्रमाणे पाइनसारखं लाकूड उघड्यावर शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटर झिजतं. वसंतात वाढलेला मऊ भाग आधी झिजतो, नंतर वाढलेला गडद, टणक भाग मागे राहतो. म्हणून जुन्या पाइनवर हात फिरवला की नांगरलेल्या शेतासारखे उंचवटे लागतात.

याचा साधा अर्थ असा, की सँडर पाच मिनिटं फिरवलात तर सत्तर वर्षं भुशात गेली. प्रेशर वॉशर तर त्याहून वाईट, मऊ भाग खरवडून काढतो आणि वर लाकडाची लव उभी करतो. ऑक्झॅलिक ॲसिडने लाकूड उजळतं खरं, पण मला ते उजळायचंच नव्हतं. मी मऊ ब्रश, कोमट पाणी आणि थेंबभर साबण घेऊन रेषेच्या दिशेनं हलक्या हातानं धुतलं आणि लगेच फडक्यानं टिपून घेतलं. खाचांमधून जुनं गवत, वाळलेलं शेण, घोड्याच्या नालेचे दोन खिळे निघाले. खिळे ठेवले आहेत.

कुजणं ही वेगळी गोष्ट. त्याला सतत ओल लागते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणाऱ्या बुरशीला जोर धरता येत नाही. ओल साचते ती पट्ट्यांखाली, आडव्या लोखंडी पाटांवर जिथे फळी टेकते तिथे, आणि सगळ्यात जास्त फळीच्या टोकांना. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या टोकाशी उघड्या असतात, त्यामुळे टोक बाजूपेक्षा कितीतरी भराभर पाणी पितं. वडील नव्या चौकटीच्या टोकांना आधी तेल पाजायचे आणि मगच ती भिंतीत बसवायचे, त्याचं कारण मला इतक्या वर्षांनी त्या गाडीखाली पाठीवर पडल्यावर पूर्ण उमगलं.

सड ओळखायची तीच जुनी पद्धत. आरी रेषेला आडवी टोचायची आणि ढलपी वर उचलायची. लाकूड निरोगी असेल तर ते कटकन आवाज करतं आणि लांब कपची निघते. सडलेलं असेल तर आवाज न होता बिस्किटासारखा आखूड तुकडा पडतो. प्रत्येक फळी खालून हातभर अंतरावर टोचली आणि खडूनं आकडे घातले. हिशेब असा निघाला: उजव्या चाकाच्या कमानीजवळची एक फळी पूर्ण गेलेली, तीन फळ्यांची पुढची टोकं चार-चार इंच मऊ, बाकी सगळं ठणठणीत.

फळ्या काढायला तीन शनिवार-रविवार गेले. बोल्टचं डोकं वरून गोल असतं, त्याच्याखाली चौकोनी मान, आणि ती मान लाकडात रुतलेली असते म्हणून बोल्ट फिरत नाही. पण इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं. खालचे नट गंजून एकजीव झालेले, आणि पान्यानं जोर लावला की मानेनं लाकूडच कुरतडून भोक गोल होतं. गंज सोडवायचं तेल मारू नका. ते भोकातून लाकडात पसरतं आणि त्याचा काळा डाग कधीच जात नाही. मी एक डाग पाडला, दुसऱ्या फळीवर, मागच्या बाजूला. तो बघून हात थांबला आणि उरलेले सगळे नट खालून करवतीच्या पात्यानं कोरडेच कापले.

आता वर काय लावायचं. यावर मी एक हिवाळा घालवला आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. पूर्ण गेलेल्या फळीचा जो भाग अजून धड होता त्याचे तुकडे करून प्रत्येकावर वेगळी गोष्ट लावली आणि अंगणात ठेवले.

बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, पहिल्यांदा लावलं कारण त्याचा वास माझ्या लहानपणाचा आहे. करडा तुकडा क्षणात कोऱ्या चहासारखा झाला आणि तसाच राहिला. वसंतात त्यावर काळी बुरशी आली, कारण तेल हे तिचं अन्नच आहे. ज्यांना तो गडद रंग चालतो त्यांनी जरूर लावावं, पण एक गोष्ट ऐका: तेलाची फडकी गोळा करून टाकू नका. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, त्यात उष्णता तयार होते, आणि चुरगळलेलं फडकं आपणहून पेटू शकतं. पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

पॉलियुरेथेन वार्निशचा तुकडा दोन महिने देखणा होता. मग थर उचलला गेला आणि जाताना खालचे करडे तंतूही घेऊन गेला. त्यात थराचा दोष नाही, ज्या तंतूंना तो चिकटला होता तेच सैल होते. म्युझियमवाले वापरतात ती पॅरालॉइड बी-७२ राळही मनात होती, कारण ती ॲसिटोननं परत काढता येते. पण ती ४० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागते. जुलैच्या उन्हात उभ्या गाडीचा हौदा त्याहून तापतो आणि सगळी धूळ चिकटते.

शेवटी ठरलं ते दिसायला काहीच नाही असं. आधी बोरेटचं, म्हणजे टाकणखाराच्या जातीच्या क्षाराचं पाणी, दोन हात, खालून आणि टोकांना जास्त. त्याला रंग नाही, वास नाही, आणि कुजवणाऱ्या बुरशीला ते मारतं. लाकूड किंचित ओलसर असताना ते आत खोल मुरतं. पण पावसानं ते धुऊनही जातं, म्हणून नुसतं बोरेट पुरत नाही. तीन आठवडे सावलीत वाळवून, वर साचलेली पांढरी पूड ब्रशनं झाडून, मग आत मुरणारं, थर न धरणारं, रंग नसलेलं मेणयुक्त पाणीरोधक लावलं. अगदी पातळ. करडा रंग अर्ध्या छटेनं गडद झाला, तेवढं मी सोसलं. टोकांना मात्र तीन वेळा पाजलं, पिणं थांबेपर्यंत.

मऊ टोकं कापून तिथे ठिगळं बसवली, तिरप्या सांध्यानं. लाकूड आजोबांच्याच पडलेल्या कोठाराचं जुनं पाइन. त्याच लाकडातून पूर्ण नवी फळीही काढली. व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस भिजवून लाकूड खोटं जुनं करता येतं, पण मी तिला सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर दक्षिणेकडे तोंड करून उन्हापावसात ठेवलं. पाच महिन्यांत तिनं स्वतःचा करडा रंग धरला. बाकीच्यांपेक्षा ती फिकट आहे आणि तशीच दिसावी. तिच्या खालच्या अंगाला पेन्सिलीनं तारीख आणि "बदली" असं लिहिलं आहे, पुढे कुणी गाडीखाली गेलं तर त्याला कळेल.

पट्ट्यांना फक्त खालून प्रायमर मारला. वरून त्या ओझ्यांनी घासून गुळगुळीत झाल्या आहेत, त्यांना कसला रंग द्यायचा! बसवताना फळ्यांमधे फट सोडली, कारण लाकूड रुंदीत फुगतं आणि जागा नसेल तर कमान होऊन बोल्ट उपटतं. गाडी आता छपराखाली असते, आणि छपराला सगळे पत्रे आहेत. बाहेर काढलीच तर पुढची चाकं उंचावर येतील अशी उभी करते आणि फाळका उघडा ठेवते, पाणी मागून निघून जातं.

आजोबा ऑक्टोबरात आले होते. हौद्यात चढता येईना, म्हणून बाजूनंच वाकून त्यांनी पहिल्या कड्यात हात ठेवला आणि सांगितलं की डावीकडचा कॅन नेहमी गळायचा, त्याचं झाकण कधी नीट बसलं नाही. मी परत पाहिलं तर खरंच त्या कड्याभोवतीचं लाकूड इतरांपेक्षा काळपट आहे. इतके महिने ते मला नुसतं ओल लागल्यासारखं वाटत होतं.

ओलावा दर महिन्याला मोजते. काल सगळ्या फळ्या ११ ते १३ टक्क्यांत होत्या, फक्त तिसरीचं पुढचं टोक, ठिगळाच्या सांध्याशी, अजून १७ दाखवतंय. बर्फ वितळलं की तिथली पट्टी पुन्हा सोडवून बघणार आहे.