गोळी घेतली तरी मामांचे पाय का उचलत नाहीत

आमच्या घरी सध्या रोज हाच प्रश्न असतो, "गोळी घेतली ना, मग अजून का पाय उचलत नाहीत?" मामा फोंड्याला असतात, पार्किन्सन्सचं निदान होऊन काही वर्षं झाली, आणि मामीच नाही तर देवळात भेटणारे लोकसुद्धा त्यांना सांगतात की जरा मनावर घ्या, चाला. हे ऐकून मला फार वाईट वाटतं, कारण मनावर घेऊन होण्यासारखं ते नाहीच, म्हणून जे वाचून कळलं ते इथे लिहितेय.

मेंदूत डोपामीन कमी होतं एवढं सगळ्यांना माहीत असतं. सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या काळसर भागातल्या पेशी ते बनवतात आणि स्ट्रायटम नावाच्या भागात सोडतात, त्या पेशी मरत जातात, आणि हात थरथरायला लागेपर्यंत तिथलं बरंचसं डोपामीन आधीच संपलेलं असतं. 1960 मध्ये व्हिएन्नात हॉर्निकिविझ यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत ही कमतरता दाखवली, मग 1967 मध्ये कोट्झियास यांनी डोपाचे (त्यातला उपयोगी भाग म्हणजे आजच्या गोळीतलं लेव्होडोपा, मेंदूत त्याचंच डोपामीन बनतं) मोठे डोस तोंडावाटे देऊन रुग्णांमध्ये मोठी सुधारणा दाखवली. त्यामुळे सगळ्यांना वाटतं की कमी झालं ते भरलं की झालं.

पण स्ट्रायटममधल्या जवळपास 95 टक्के पेशींचं काम दुसऱ्या पेशींना दाबायचं असतं, गाबा नावाच्या रसायनाने. म्हणजे हे सगळं मुळात ब्रेकचं खातं आहे. ग्लोबस पॅलिडस नावाच्या गाठीचा आतला भाग, हालचालीचा निरोप पुढे पाठवणाऱ्या थॅलॅमसला सतत दाबून धरतो, हलायचं असलं की स्ट्रायटममधल्या डी1 वाल्या पेशी (डी1 आणि डी2 हे पेशींवरचे डोपामीन ओळखणारे दोन प्रकारचे ग्राहक) ह्या ब्रेकलाच दाबतात आणि मग पाय उचलतो. डी2 वाल्या पेशी लांबच्या रस्त्याने जाऊन ब्रेक घट्ट करतात. डोपामीन डी1 ला चेतवतं आणि डी2 ला आवरतं, ते गेलं की दोन्हीकडून ब्रेक आवळला जातो, आणि माणूस दारात उभा राहतो तो उभाच.

इथवरचं कुठेही वाचायला मिळतं. मला खरा धक्का बसला तो पुढचं वाचून, डोपामीन गेल्यावर ही ब्रेकची यंत्रणा स्वतःच बदलायला लागते! उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की काही दिवसांतच स्ट्रायटममधल्या काही दाबणाऱ्या पेशी डी2 वाल्या पेशींशी जास्तीची जोडणी करतात, डी2 पेशींवरचे बारीक काटे, म्हणजे जिथे बाहेरून निरोप येतात ते, गळून जातात, शेजारच्या पेशी एकमेकींना दाबायच्या ते कमी होतं, बाहेरच्या ग्लोबस पॅलिडसमधल्या पेशी स्वतःच्या लयीत चालायच्या ती लय मोडते आणि तिथून सबथॅलॅमिक न्यूक्लियसकडे, म्हणजे ब्रेक घट्ट करणाऱ्या त्या लांबच्या रस्त्यातल्याच एका भागाकडे, जाणाऱ्या गाबाच्या जोडण्या वाढतात. ह्यातले काही बदल मेंदू स्वतःला सावरायला करतो असं काही संशोधक मानतात. पण पेशी एकत्र एकाच तालात धडधडायला लागतात, सेकंदाला 13 ते 30 वेळा, त्याला बीटा लय म्हणतात, आणि ती लय जितकी जोरात तितकी हालचाल जखडलेली असं रुग्णांत दिसतं.

आता सांगा, ह्यात मनावर घ्यायचं काय? लेव्होडोपाने ती लय उतरते, मामांना गोळी लागली की तासाभरात चेहरा मोकळा दिसतो, पण गोळी उतरली की परत तेच, आणि वर्षानुवर्षं डोस वरखाली होत राहिला की काही जणांचं अंग नको तेव्हा आपोआप वळवळायला लागतं, कारण औषध ज्या सर्किटवर पडतंय ते आता आधीसारखं राहिलेलंच नाही. डीप ब्रेन स्टिम्युलेशनमध्ये, म्हणजे मेंदूत खोलवर बारीक करंट देण्याच्या उपचारात, तारा बहुतेक वेळा सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्येच बसवतात, आणि आता बीटा लय मोजून स्वतःच करंट कमीजास्त करणारं यंत्रही आलंय, अमेरिकेत 2025 मध्ये त्याला मंजुरी मिळाली.

मामा भजनात तबला वाजवायचे. पाय अडकले की मी शेजारी उभी राहून टाळी देते, धा धिं धिं धा, आणि बऱ्याचदा पहिलं पाऊल पडतं. बाहेरून ताल मिळाला की मेंदू दुसरे रस्ते वापरतो असं मानतात, फरशीवरच्या आडव्या रेघांचाही असाच उपयोग होतो.

आणखी एक, कुणीतरी त्यांना खाजकुयलीची पावडर आणून दिलीय. तिच्या बियांत लेव्होडोपा खरंच असतं, पण म्हणूनच ती डॉक्टरांना न विचारता चालू गोळ्यांवर घ्यायची नाही, एकूण डोस किती झाला ते कळणारच नाही. आणि मामी हे वाचत असेल तर, गोळी जेवणाच्या अर्धा तास तरी आधी दे गं, मासळीतलं प्रोटीन आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच वाटेने आत शिरायला बघतात, ताटात बांगडा असला की गोळी मागे राहते. बांगडा बंद करायची गरज नाही, फक्त वेळ सांभाळायची.