फेब्रुवारी, पार्किंगमधलं गॅदरिंग आणि कोच बर्टमन

फेब्रुवारी लागला की बॅटन रूजच्या लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतून (एलएसयू) शिकून बाहेर पडलेल्या आम्हा मंडळींचे फोन सुरू होतात. कोणी ह्यूस्टनला, कोणी अटलांटाला, एक जण केव्हाच पुण्याला परतलेला. प्रश्न एकच असतो: "पहिल्या मॅचला कोण कोण येतंय?" विद्यापीठाचे माजी विद्यार्थ्यांचे मेळावे रीतसर होतात, त्यांची पत्रंही येतात. पण ज्याला आम्ही मनापासून आमचं गॅदरिंग म्हणतो, ते भरतं बॅटन रूजच्या बेसबॉल मैदानाबाहेर, पार्किंगच्या जागेत. दुसरं भरतं जूनमध्ये, नेब्रास्कातल्या ओमाहाला. देशभरातले आठ कॉलेज संघ विजेतेपदासाठी दरवर्षी तिथेच जमतात, आणि त्यांच्यामागे त्यांची माणसं.

ही दोन्ही गॅदरिंगं आम्हाला लावून दिली ती स्किप बर्टमन यांनी. ते एलएसयूचे बेसबॉल कोच होते, नंतर क्रीडा संचालक झाले. त्यांच्या नावापुढे पाच राष्ट्रीय विजेतेपदं लिहिली जातात आणि ती लिहिलीच पाहिजेत. पण मला त्यांचं त्याहून मोठं काम वाटतं ते ही माणसं जमवण्याचं.

मी तिथे गेले १९९० च्या दशकात. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. कोणीतरी जुन्या अ‍ॅलेक्स बॉक्स स्टेडियमवर घेऊन गेलं. ते १९३८ साली बांधलेलं, अमेरिकन फुटबॉलच्या अवाढव्य टायगर स्टेडियमच्या शेजारी अंग चोरून उभं होतं. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत कामी आलेल्या इथल्याच एका खेळाडूचं नाव त्याला दिलेलं. मैदानात शिरण्याआधीच आम्हाला अडवलं ते वासानं. मोठमोठ्या पातेल्यांत क्रॉफिश, म्हणजे कोळंबीसारखे गोड्या पाण्यातले जीव, उकडत होते, सोबत मक्याची कणसं, बटाटे आणि घशाला झोंबणारा लाल मसाला. शेजारी जांबालाया, तिकडचा मसालेदार भात, शिजत होता. कोण कुठले आम्ही, तरी हातात कागदी ताटल्या आल्या आणि भरल्याही गेल्या. आमच्यातला मालवणचा मुलगा पहिल्याच घासाला म्हणाला, "ही आपलीच माणसं आहेत." त्या दिवसापासून तो त्या पातेल्याभोवतीचा कायमचा सभासद झाला.

आत गेल्यावर शेजारच्या आजींनी खेळ समजावला. त्या स्कोअरबुकात प्रत्येक चेंडूची नोंद पेन्सिलीनं करायच्या. त्यांच्याच तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं की बर्टमन १९८४ मध्ये आले तेव्हा इथे मोजकीच माणसं यायची, बेसबॉल म्हणजे फुटबॉलचा हंगाम संपल्यावरचा वेळ घालवण्याचा धंदा होता.

हे बदलायचं कसं, याचं शिक्षण बर्टमन मायामीत घेऊन आले होते. ते वाढले मायामी बीचला, तिथल्याच हायस्कूलचे कोच होते. मग १९७६ पासून मायामी विद्यापीठात रॉन फ्रेझर यांचे सहाय्यक झाले. फ्रेझर हे अजब रसायन. संघाकडे पैसा नव्हता, म्हणून १९७७ मध्ये त्यांनी थेट मैदानावर, बेसच्या मधल्या जागेत टेबलं मांडून ताटामागे ५,००० डॉलरची मेजवानी दिली. अकरा पदार्थांची! लोक आधी यायला हवेत, मग संघ मोठा होतो, हा धडा बर्टमन यांनी तिथे डोळ्यांनी पाहिला. १९८२ मध्ये मायामी राष्ट्रीय विजेता झालं, तेव्हा ते फ्रेझर यांच्या शेजारीच होते.

बॅटन रूजला दोनच वर्षांत, १९८६ मध्ये, ते एलएसयूला ओमाहाला घेऊन गेले. अठरा हंगामांत अकरा वेळा गेले. आमच्या गावातली कुटुंबं जूनची सुट्टी आधीच ओमाहासाठी राखून ठेवू लागली, संघ पात्र ठरेल की नाही हे कळायच्या आत. मला हा विश्वास फार हृद्य वाटतो. तिथे ही स्पर्धा तेव्हा जिथे व्हायची, त्या रोझेनब्लाट स्टेडियमबाहेर लुइझियानाची माणसं चुली मांडायची आणि दुसऱ्या संघांच्या लोकांनाही बोलावून जेवू घालायची.

१९९१ च्या संघाला बर्टमन यांनी दोराची गोष्ट सांगितली होती: तू कड्यावरून लटकतो आहेस, खाली खोल दरी आहे, वर दोर कोणाच्या हातात असलेला तुला चालेल? हाताची साल निघाली तरी जो दोर सोडणार नाही, असा प्रत्येक जण या संघात हवा. त्या वर्षी विचिटा स्टेट विद्यापीठाला ६-३ नं हरवून एलएसयूला पहिलं विजेतेपद मिळालं. १९९३ मध्ये पुन्हा विचिटाच, या वेळी ८-०, आणि चेंडू टाकणाऱ्या ब्रेट लॅक्स्टननं एकट्यानं सोळा बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू नीट मारूच न देता बाद केले. पातेल्याभोवती बसलेले जुने लोक ती दोराची गोष्ट अजूनही दोर ओढल्यासारखा हात करून सांगतात.

आणि १९९६. याबद्दल मी थोडक्यात लिहूच शकत नाही.

८ जून, शनिवार. अंतिम सामना मायामीशी, म्हणजे बर्टमन यांच्या जुन्या घराशी. आम्ही वसतिगृहाच्या हॉलमध्ये टीव्हीपुढे दाटीवाटीनं बसलो होतो. शेवटची इनिंग, मायामी ८-७ नं पुढे, आमचे दोन आउट (तिसरा गेला की खेळ खलास), तिसऱ्या बेसवर आमचा एक धावपटू. बॅटिंगला आला वॉरन मॉरिस, क्रमवारीत नववा. मनगटाजवळचं हाड मोडल्यानं हंगामाचा बराचसा भाग तो खेळलाच नव्हता, आणि त्या वर्षी त्याच्या नावावर एकही होम रन, म्हणजे थेट कुंपणापलीकडचा फटका, नव्हता. पहिलाच चेंडू. त्यानं तो उजव्या बाजूच्या कुंपणापलीकडे नेला. तिसऱ्या बेसवरच्याची एक धाव, त्याची स्वतःची एक: ९-८. मायामीचे खेळाडू जागच्या जागी मैदानावर कोसळले. आमच्या हॉलमध्ये कोण कोणाच्या गळ्यात पडलं होतं, काही हिशेब नाही. बेसबॉल न कळणाऱ्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. संपूर्ण स्पर्धेचा निकाल लावणारा असा शेवटच्या चेंडूवरचा होम रन ओमाहानं त्याआधी कधीच पाहिला नव्हता.

त्याच उन्हाळ्यात बर्टमन अटलांटा ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघाचे कोच होते, मॉरिसही त्या संघात होता. त्यांनी कांस्यपदक आणलं. पुढच्या वर्षी एलएसयूच्या मुलांनी १८८ होम रन मारले, हंगामातला एकही सामना होम रनशिवाय गेला नाही, आणि चौथं विजेतेपद आलं. २००० मध्ये स्टॅनफर्डविरुद्ध ६-५ नं पाचवं. अंतिम सामन्यात पाच वेळा उतरले, पाचही वेळा जिंकले. उजव्या कुंपणामागे वाघाचं चित्र आणि विजेतेपदांची सालं असलेला भलामोठा फलक होता, त्याला सगळे 'इंटिमिडेटर' म्हणायचे. त्यावर नवं साल चढलं की पुढच्या फेब्रुवारीत पहिलं काम त्याखाली फोटो काढायचं. १९९६ पासून तर वर्षानुवर्षं देशात सगळ्यात जास्त प्रेक्षक याच मैदानाला लाभले.

२००१ मध्ये ते ८७० विजयांनिशी कोचपदावरून उतरले आणि विद्यापीठाचे क्रीडा संचालक झाले. इथून पुढचं बोलणं आमच्या गॅदरिंगमध्ये जरा तापतं. फुटबॉलच्या हंगामी तिकिटांसाठी वेगळी देणगी द्यावी लागेल, अशी योजना त्यांनी आणली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या त्याच खुर्चीवर बसणारी घरं दुखावली. मी मात्र त्यांची बाजू घेते. इतर खेळांचा खर्च बहुतांश फुटबॉलच्या उत्पन्नातून भागतो. धावपटूंचा ट्रॅक, मुलींचे संघ, पोहण्याचा तलाव हे सगळं चालवायचं तर पैसा उभा करावाच लागतो, आणि तो मागण्याचा वाईटपणा त्यांनी स्वतःकडे घेतला.

त्यांच्याच काळात २००५ मध्ये कॅटरिना वादळ आलं. बास्केटबॉलच्या इनडोअर स्टेडियमचं रुग्णालय झालं, जिथे सामने व्हायचे तिथे खाटा लागल्या. अ‍ॅरिझोना स्टेटविरुद्धचा घरचा फुटबॉल सामना त्यांच्याच गावी, टेम्पीला हलवावा लागला. फुटबॉल कोच निक सेबन त्या वर्षीच्या सुरुवातीलाच गेले होते, त्यांच्या जागी बर्टमन यांनी लेस माइल्स यांना आणलं होतं. माइल्स यांचा संघ तो सामना ३५-३१ नं जिंकला, आणि २००७ च्या हंगामाचं राष्ट्रीय विजेतेपदही त्यानंच आणलं.

बेसबॉलची गादी सोपवणं मात्र त्यांना जड गेलं असणार. त्यांच्या जागी आलेले स्मोक लावाल त्यांचेच जुने सहाय्यक. २००६ मध्ये लावाल पायउतार झाले आणि बर्टमन यांनी पॉल मेनिएरी यांना बोलावलं. नव्या स्टेडियमचा घाटही त्यांनीच घातला. ते २००९ मध्ये उघडलं, तेव्हा बर्टमन संचालकपदावरून निवृत्त झाले होते. आम्ही पार्किंगची नवी जागा शोधत फिरलो, जुनी पातेली नव्या कोपऱ्यात मांडली, आणि त्याच पहिल्या हंगामात मेनिएरी यांच्या संघानं ओमाहा जिंकलं. २०१३ मध्ये त्या मैदानाला बर्टमन यांचं नाव दिलं गेलं. २०१९ मध्ये बाहेर त्यांचा पुतळा उभा राहिला. आता फोनवर कोणी विचारलं, भेटायचं कुठे, तर सगळे एकच सांगतात: कोचच्या पुतळ्यापाशी, पहिल्या चेंडूच्या तीन तास आधी, आणि ताटल्या मालवणवाला आणतोय.