फॅन फिरतोय, डिस्प्ले नाही

धनत्रयोदशीला तेरा दिवस राहिलेले असताना चालता कॉम्प्युटर उघडू नये, एवढी अक्कल मला असायला हवी होती. पण साडेतीनशे पैंजणांचे फोटो साफ करायचे होते, फोटोशॉप दर चौथ्या फोटोला थबकत होतं आणि नवीन प्रोसेसरचा डबा तीन दिवस टेबलावर तसाच पडून होता. रविवारी दुपारी जेवणं आटोपली, भांडी नंतर घासू म्हटलं आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला.

आम्ही हुपरीचे. इथं घरटी कुणीतरी चांदीत असतंच. मी चांदीला हात न लावता चांदीवर जगते, म्हणजे व्यापाऱ्यांचे कॅटलॉग करते. पैंजण, जोडवी, करगोटे यांचे फोटो काढायचे, साफ करायचे, खाली वजन टाकायचं आणि पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर सोडायची. ऐकायला सोपं वाटतं. पण चांदीत सगळं दिसतं: कॅमेरा दिसतो, खिडकी दिसते, माझी ओढणीसुद्धा दिसते. ते एकेक पुसत बसायचं म्हणजे मशीनमध्ये दम पाहिजे.

मशीन २०१९ मध्ये मीच जोडलं होतं. पुण्याचा भाचा फोनवर सांगत होता, मी फोन खांद्यात धरून वायरी लावत होते. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा त्यातल्या त्यात स्वस्त मदरबोर्ड (ज्यावर सगळं जोडतात तो), आठ-आठ जीबीचे दोन रॅम आणि पडद्यावर चित्र पाठवणारं जीटीएक्स १६५० कार्ड. सहा वर्षं त्यानं कुरकुर केली नाही. आता त्याच बोर्डावर रायझन ७ ५७००एक्स चालतो असं वाचलं. सहाऐवजी आठ कोअर आणि वॅटचा आकडा तोच, ६५. नव्या डब्यात कूलर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा फॅन, येत नाही, पण जुना होताच.

तर कूलरचे चार स्क्रू सोडवले. मागची धातूची पट्टी खण्णकन आत पडली (ती पडतेच, हे नंतर कळलं). कूलर वर ओढला. जरा जास्तच जोर लागला. कूलर आला आणि त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही आला. प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटचा लिव्हर बंदच होता!

एएम४ जातीच्या (माझ्या बोर्डाचं सॉकेट त्याच जातीचं) प्रोसेसरच्या पिना त्याच्या स्वतःच्या पोटाला असतात, तब्बल १३३१. लिव्हर त्यांना बाजूनं आवळून धरतो, पण वरून दाबून ठेवणारं काही नसतं. प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचावी म्हणून दोघांमध्ये पेस्ट लावतात, सहा वर्षांत ती सुकून तिचा डिंक झालेला. उघडण्याआधी दहा मिनिटं मशीनला कामाला लावून पेस्ट गरम करायची, मग कूलर सरळ न ओढता डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवायचा, हे मला आता झोपेतही सांगता येईल. त्या दिवशी मात्र मी जुनं एटीएम कार्ड फटीत सारलं आणि पिळलं. टक् करून प्रोसेसर सुटला आणि टेबलावर पालथा पडला. वरून तर बरा दिसला. आता काय, नवीन आलाय की, म्हणून तसाच पेपरखाली सरकवला.

नवीन मात्र शहाण्यासारखा बसला. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवला की तो आपल्या वजनानं खाली जातो, दाबायचं काम नाही. हरभऱ्याएवढी पेस्ट लावली, कूलर कसला. इथंच थांबून बटण दाबलं असतं तर पुढचे दोन दिवस वाचले असते. पण हात लागलाच आहे तर नवीन सोळा-सोळाचे रॅमही घालू. हात लागलाच आहे तर कार्ड काढून धूळ झाडू. हात लागलाच आहे तर एसएमपीएसच्या (आत वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) वायरी नीट ओढून बांधू. एकाच वेळी चार ठिकाणी हात घातला आणि मग बटण दाबलं.

फॅन फिरले, दिवे लागले. मॉनिटर म्हणाला, नो सिग्नल.

या अवस्थेत मी आधी नम लॉक दाबून बघते. कीबोर्डवरचा तो दिवा लागला-विझला तर आतला जीव शाबूत आहे, फक्त चित्र पोचत नाहीये. माझा दिवा लागलाच नाही.

मग संध्याकाळभर उलटी गिनती. मॉनिटरची केबल चुकून बोर्डाच्या एचडीएमआयला तर नाही ना लावली? माझ्या दोन्ही प्रोसेसरांत ग्राफिक्स नाही, त्यामुळं बोर्डावरचं ते भोक म्हणजे नुसती शोभा. पण केबल कार्डालाच होती. प्रोसेसरजवळची वेगळी वीजवायर? ती विसरली की फॅन फिरतात आणि बाकी सगळं ठप्प असतं. तीही पक्की होती. कार्ड काढून पुन्हा क्लिक होईपर्यंत बसवलं. रॅमची एकच पट्टी ठेवली, प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग दुसरी पट्टी. मग जुने रॅम. शेवटी बोर्डाच्या जुन्या सेटिंग पुसल्या जाव्यात म्हणून प्लग काढून त्याच्यावरचा सीआर२०३२ बटण-सेल बाहेर काढला, पॉवरचं बटण दाबून धरलं, दहा मिनिटं थांबले आणि त्या दहा मिनिटांत दुपारची भांडी घासून टाकली. सेल परत घातला. नो सिग्नल.

महागड्या बोर्डांवर कुठं अडलंय ते सांगणारे चार बारके दिवे असतात. माझ्या बोर्डावर नाहीत. बीप करणारा स्पीकरही नाही. म्हणजे दुखतंय कुठं ते न सांगणारं लेकरू.

कोल्हापुरातल्या एका दुकानात फोन लावला. "फॅन फिरतोय, डिस्प्ले नाही? बोर्ड गेला असणार ताई, घेऊन या." मशीन न बघता बोर्ड गेला! मनात म्हटलं, आमच्याकडं कसोटीवर घासल्याशिवाय कुणी सोन्याला खोटं म्हणत नाही.

रात्री साडेनवाला भाच्याचा फोन आला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, बायोस शेवटचं कधी अपडेट केलंस?"

"ते काय दर वर्षी करायचं असतं व्हय?"

तिकडं शांतता.

गोम तिथंच होती. बायोस म्हणजे बोर्डातच भरलेला, मशीन सुरू करणारा प्रोग्राम. बोर्ड २०१९ चा, हा प्रोसेसर बाजारात आला २०२२ च्या एप्रिलमध्ये. बोर्डाच्या पोटातल्या बायोसला त्याचं नावही ठाऊक नाही. रेशनकार्डावर नाव नसलेला माणूस दुकानात उभा राहिला तर त्याला धान्य कोण देणार? सॉकेट तेच, पिना तितक्याच, तरी ओळख नाही. खरं तर मे २०२० मध्ये रायझन बनवणाऱ्या एएमडीनं सांगूनच टाकलं होतं, की पुढचे रायझन ५००० (माझा ५७००एक्स त्यांतलाच) या जुन्या बोर्डांवर चालणार नाहीत. लोकांनी इतका गिल्ला केला की त्याच महिन्यात कंपनीनं शब्द फिरवला. माझे बोर्डाचे पैसे वाचले ते जगभरच्या त्या भांडखोर मंडळींमुळं. पण त्यासाठी बायोस नवीन पाहिजे, आणि ते घालायला मशीन चालू पाहिजे. काही बोर्डांना प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस भरायचं बटण असतं. ते असलेला बोर्ड २०१९ मध्ये थोडा महाग होता, म्हणून मी घेतला नव्हता.

"सोपं आहे," भाचा म्हणाला. "जुना प्रोसेसर परत घाल, अपडेट कर, मग नवीन बसव."

मी पेपर उचलला. प्रोसेसर उलटा करून दिव्याखाली धरला. कडेच्या दोन ओळींत पाच पिना वाकलेल्या होत्या आणि त्यातली एक तर पार झोपलेली.

त्या रात्री मला भाच्याचाही राग आला, हे कबूल करते. त्याचा काही संबंध नव्हता.

सोमवारी कोजागिरी. चुलत काकांकडं दूध आटवायचं असतं, सगळे तिथं जमतात. काका चाळीस वर्षं पैंजणाच्या कड्या जुळवतायत. मी प्रोसेसर डबीत घालून नेला. लाजच वाटत होती, पण काकांनी डोळ्याला भिंग लावून तो बघितला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे कौतुक आलं, ते माझ्या एकाही कॅटलॉगला आलं नव्हतं.

"सोन्याचं पाणी दिलंय का गं ह्याला?"

"व्हय काका."

"किती पिना?"

"तेराशे एकतीस."

"आणि ह्या कुणी वाकवल्या?"

मी गप्प.

त्यांनी दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं घेतलं आणि सरळ पिनांच्या दोन ओळींमधून सावकाश सारत नेलं. वाकलेल्या पिनेजवळ पातं अडायचं. तिथं थांबून ते केसाएवढं टेकवायचे. उभ्या ओळीतून एकदा, आडव्या ओळीतून एकदा. चार पिना अशा वळल्या. झोपलेल्या पाचवीला त्यांनी बारीक चिमटा लावला, पण एका दमात उभी केली नाही. थोडी उचलायची, हात काढायचा, बाहेर जाऊन दुधाकडं बघून यायचं, मग आणखी थोडी.

"चांदी ऐकते, हे ऐकत न्हाई. दोनदा मागं-पुढं केलं की तुटणार."

"तुटली तर?"

"डाग देऊ की!" म्हणाले आणि स्वतःच हसले. मला हसू आलं नाही. शेवटी सगळ्या ओळी भिंगाखाली तिरक्या धरून बघितल्या आणि प्रोसेसर माझ्या तळहातावर ठेवला, पिना वर करून. इतकी साधी गोष्ट मला रविवारी सुचली नव्हती.

घरी आले तेव्हा साडेअकरा वाजले होते. पहिल्यांदा ठेवला तेव्हा तो सॉकेटमध्ये उतरला नाही. दाबला नाही, उचलला, एका पिनेला पात्यानं किंचित सरळ केलं. दुसऱ्यांदा आपसूक खाली गेला. जुने रॅम, जुनं सगळं. बटण दाबलं. नम लॉकचा दिवा लागला! तेव्हाच कळलं, मॉनिटरकडं मी नंतर बघितलं.

पुढचं काम किचकट नव्हतं, जीव टांगणीला लावणारं होतं. बोर्डाच्या कोपऱ्यात त्याचं पूर्ण नाव आणि आवृत्ती छापलेली असते, तीच धरून फाइल उतरवायची. शेजारचं मॉडेल चालत नाही. माझ्या बोर्डाला एकदम शेवटची आवृत्ती घालता येत नव्हती. आधी एक मधली घाला, असं यादीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. चौसष्ट जीबीचा पेनड्राइव्ह बायोसला दिसेना, कारण त्याला फॅट३२ नावाच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला लागतो. मग कपाटातून आठ जीबीचा शोधला. त्यात आतेबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ होता. तो लॅपटॉपवर उतरवून घेतला (घेतला, आत्या, खरंच घेतला). मशीन इन्व्हर्टरच्या प्लगवर लावलं, कारण बायोस भरताना वीज गेली तर मात्र दुकानदाराचं म्हणणं खरं ठरलं असतं. टक्क्यांची पट्टी दोनदा शून्यापासून शंभरापर्यंत बघितली. त्या वेळात मी फॅनसुद्धा लावला नाही, न जाणो.

मंगळवारी सकाळी नवीन प्रोसेसर. या वेळी आधी अर्धा तास फोटोशॉपचं काम केलं, मग बंद करून कूलर फिरवत काढला. एकटाच निघाला. नवीन प्रोसेसर, जुनेच रॅम, बटण. काळ्या पडद्यावर इंग्रजीत मजकूर आला: नवीन प्रोसेसर आढळला, एफटीपीएमची (गुप्त किल्ल्या ठेवायच्या जागेची) साठवण बदलली, वाय दाबा किंवा एन दाबा. घाबरून दाबायचं नाही. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, लावलेलं असेल तर वाय दाबण्याआधी त्याची रिकव्हरी की हाताशी हवी, नाहीतर आपल्याच फायलींना आपण परके. माझ्याकडं बिटलॉकर नव्हतं. वाय दाबलं. विंडोज आलं. ते नीट चाललंय हे तासभर बघितलं आणि त्यानंतरच नवे रॅम घातले. एका वेळी एक.

साडेतीनशे पैंजणं शुक्रवारी संध्याकाळी गेली. काकांना मजुरी विचारली तर म्हणाले, माझ्या पैंजणांचे दोन फोटो काढून दे, पोरींना पाठवायचेत. काढले. त्यातल्या एकात काकांचं भिंग दिसतंय, ते मी पुसलं नाही.

जुना प्रोसेसर त्यांनीच मागून घेतला. पिना वर करून डबीत ठेवला, वरून दागिन्याचा गुलाबी कागद घातला. त्याआधी सवयीनं तराजूत टाकून वजन केलं आणि ते डबीवर लिहूनही ठेवलं.